हिरवं कासव परत आलं: व्हर्च्युअल मशीन चालू होत नाही किंवा रांगतं तेव्हा काय काय बघायचं

"अरे, तुझं ते कासव परत आलं बघ." आमच्याकडचे एक प्रेसवाले काका दर दोन-तीन महिन्यांनी फोन करून एवढंच बोलतात आणि मला कळतं. इंजिनिअरिंगच्या पोरांचे पण फोन येतात, फक्त त्यांना कासव दिसत नसतं, एरर दिसत असतो आणि सबमिशन उद्यावर असतं. दुखणं साधारण एकच, व्हर्च्युअल मशीनचं (व्हीएम, म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरनं चालवलेला दुसरा कॉम्प्युटर), आणि ते मी इतक्या वेळा काढलंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो.

विंडोज १० किंवा ११ वर चालणारं व्हर्च्युअलबॉक्स (अशी मशीनं चालवायचं सॉफ्टवेअर) धरून लिहितोय, कारण मी बघितलेल्या बहुतेक जणांकडं तेच असतं. मराठी कीबोर्डवर टाइप करतोय त्यामुळं मेनूची नावं पण देवनागरीत येतील, स्क्रीनवर ती इंग्रजीत शोधा.

लक्षणं

यातलं तुमच्याकडं नक्की काय होतंय ते आधी ठरवा, कारण "व्हीएम चालत नाही" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

- स्टार्ट दाबलं की मशीन उघडतच नाही. एररची खिडकी येते, तिच्यात ई-फेल असं काहीतरी आणि व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही (प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीनसाठीची सोय, खाली सांगतो) डिसेबल्ड आहे नाहीतर अव्हेलेबल नाही असं लिहिलेलं.
- नवीन मशीन बनवताना यादीत सगळं ३२ बिटचंच दिसतं, ६४ बिटचं उबंटू वगैरे गायब.
- मशीन चालू होतं पण मेनूवर क्लिक केलं की चहा करून यावं एवढा वेळ, आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडं एक छोटं हिरवं कासव.
- चालता चालता आपोआप पॉज होतं.
- काळा स्क्रीन, बूटेबल मीडियम (जिच्यावरून सिस्टिम चालू होईल अशी डिस्क) सापडलं नाही असा मेसेज.
- "काल चालत होतं, मी काहीच केलं नाही." हे लक्षण नाही, हे सगळेच म्हणतात, पण मनात ठेवा, खाली कामाला येणार आहे.

सगळ्यात आधी एक सांगतो: मशीन डिलीट करून नवीन बनवायच्या फंदात पडू नका. एका पोरानं रागाच्या भरात रिमूव्ह केलं, पुढं विचारलं तेव्हा "सगळ्या फायली डिलीट करा" वर क्लिक केलं, आणि सहा महिन्यांचा प्रोजेक्ट गेला, आणि गंमत म्हणजे नवीन मशीनलाही तोच एरर, कारण बिघाड मशीनमध्ये नव्हताच. मी बघितलेल्या केसेसमध्ये बहुतेक वेळा आतली सिस्टिम ठणठणीत असते, घोळ बाहेर असतो.

फुकटातल्या तपासण्या

पहिलं काम, एररचा फोटो काढा, पूर्ण काढा, डीटेल्सचा बाण उघडून. ई-फेल आणि त्याच्यापुढचा शून्य-एक्स-आठने सुरू होणारा आकडा म्हणजे डॉक्टरनं नुसतं "ताप आहे" म्हटल्यासारखं आहे, कशामुळं आहे ते दुसऱ्या ओळीत असतं. लोक मला नेमका तो निरुपयोगी आकडाच पाठवतात आणि कामाची ओळ कापतात.

दुसरं, रीस्टार्ट. शटडाऊन करून परत चालू करणं नाही हं, स्टार्ट मेनूतलं रीस्टार्टच. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनला विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर लिहून ठेवतात आणि सकाळी तसाच उचलून आणतात, म्हणजे कालचा अडकलेला ड्रायव्हर आजही अडकलेलाच. रीस्टार्टला मात्र सगळं नव्यानं लोड होतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धवट बसलेल्या अपडेटमुळं आलेला त्रास एवढ्यानंच जातो.

मग मशीनच्या नावाखाली काय लिहिलंय बघा. पॉवर्ड ऑफ असेल तर ठीक. सेव्ह्ड असेल तर ते झोपवून ठेवलेलं आहे, आणि मधल्या काळात तुम्ही व्हर्च्युअलबॉक्स अपडेट केलं किंवा प्रोसेसर बदलला असेल तर जुन्या झोपेतून ते नीट उठेलच असं नाही. डिस्कार्ड सेव्ह्ड स्टेट करून बघा, पण हे म्हणजे चालू मशीनची वायर ओढल्यासारखं आहे, आत सेव्ह न केलेलं काम असेल तर ते जाणार.

आपोआप पॉज होत असेल तर सरळ तुमच्या खऱ्या कॉम्प्युटरची डिस्क बघा, किती जागा उरलीय. व्हर्च्युअल डिस्क बहुतेकांनी डायनॅमिक घेतलेली असते, म्हणजे ५० जीबी सांगितली तरी सुरुवातीला थोडीच जागा घेते आणि वापराल तशी फुगत जाते, आणि आतल्या फायली डिलीट केल्या म्हणून ती आपणहून बारीक होत नाही. बाहेरची जागा संपली की आतल्या सिस्टिमला लिहायला जागा नाही, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स तिला थांबवून ठेवतं, हे चांगलंच आहे, नाहीतर आतली फाइल सिस्टिम खराब झाली असती. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था) घेऊन विसरलेले असाल तर तेही जागा खातात, पण त्या फोल्डरमधल्या फायली हातानं उडवू नका, व्हर्च्युअलबॉक्समधूनच डिलीट करा, ते मागच्या-पुढच्या फायली एकत्र करतं आणि त्याला वेळ लागतो, मधेच बंद करू नका.

रॅमचं पण तसंच. ८ जीबीच्या डेस्कटॉपवर मशीनला ६ जीबी देऊन "हळू चालतंय" म्हणणारे मी बघितलेत. सेटिंगमध्ये मेमरीच्या पट्टीचा हिरवा भाग असतो त्याच्या आत राहा. उबंटूच्या डेस्कटॉपला ४ जीबी ठीक, जुन्या विंडोज एक्सपीला १ जीबी म्हणजे चैन.

बूटेबल मीडियम नाही म्हणत असेल तर स्टोरेजमध्ये जाऊन डिस्कची फाइल जोडलेली आहे का आणि नवीन इन्स्टॉल असेल तर आयएसओ (इन्स्टॉलच्या सीडीची फाइल) लावलीय का बघा. उलटही होतं, इन्स्टॉल झालं तरी आयएसओ तशीच राहते आणि दर वेळी परत इन्स्टॉल करायला बसतं. काढून टाका, झालं.

कासव म्हणजे काय

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. आलेखाच्या खाली व्हर्च्युअलायझेशन अशी एक ओळ असते, तिच्यापुढं एनेबल्ड आहे की डिसेबल्ड? या एका ओळीवर पुढचा रस्ता ठरतो. डिसेबल्ड असेल तर हा भाग सोडून थेट खालच्या बायोसच्या भागावर जा (बायोस म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणारं, मदरबोर्डचं स्वतःचं सेटिंग). एनेबल्ड असेल आणि तरी कासव दिसतंय किंवा व्हीटी-एक्स मिळत नाही म्हणतंय, तर ती सोय चालू आहे पण दुसरंच कुणीतरी वापरतंय.

थोडं कारण सांगतो. प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअल मशीनसाठी वेगळी सोय असते, इंटेलनं २००५ मध्ये आणली, एएमडीनं २००६ मध्ये. पूर्वी व्हर्च्युअलबॉक्स तिच्याशिवायही काही मशीनं ढकलायचं, पण २०१९ च्या शेवटी आलेल्या ६.१ पासून ते बंद झालं, आता ती सोय लागतेच. आणि विंडोजमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवायला मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं हायपर-व्ही आहे. ते एकदा चालू झालं की सगळ्यात तळाला जाऊन बसतं आणि ती सोय त्याच्या हातात जाते. मग व्हर्च्युअलबॉक्सला स्वतःच्या हातानं काम करता येत नाही, हायपर-व्हीमार्फत अर्ज करून करावं लागतं. जमतं, पण सरकारी वेगानं. कासव त्याचीच खूण आहे, आणि मशीनची लॉग फाइल उघडलीत तर तिच्यात "स्नेल एक्झिक्युशन मोड" चालू असल्याची ओळही सापडेल, म्हणजे बनवणाऱ्यांनी पण लपवलेलं नाही.

आता हायपर-व्ही बंद करायचं. टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ शोधा आणि हायपर-व्ही, व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म, विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म आणि विंडोज सँडबॉक्स यांच्या टिका काढा, रीस्टार्ट. टिका काढण्याआधी घरात विचारा! डब्ल्यूएसएल-२ (विंडोजच्या आतलं लिनक्स), डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर), काही अँड्रॉइड एम्युलेटर यांना त्यातलंच काहीतरी लागतं. भावानं डॉकर टाकलं की टिक परत लागते, आणि तुम्ही खरंच काहीच केलेलं नसतं. वरचं शेवटचं लक्षण आठवा.

टिका नव्हत्याच, तरी कासव आहे? मग मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षेची सोय बघा. विंडोज सिक्युरिटी, डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन. विंडोज ११ नवीन टाकलं आणि हार्डवेअर चालणारं असलं की ही बहुतेक वेळा आधीपासूनच चालू येते, आणि ती हायपर-व्हीच्याच जिवावर चालते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हा ज्यांनी ज्यांनी ११ नव्यानं टाकून घेतलं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची व्हर्च्युअल मशीनं एका रात्रीत म्हातारी झाली ती याच्यामुळं. बंद करून रीस्टार्ट केलं की कासव जातं.

पण ही सुरक्षेची गोष्ट आहे, गाभ्यात खोटे ड्रायव्हर घुसू नयेत म्हणून दिलेली, तेव्हा ज्या कॉम्प्युटरवर बँकेची कामं आणि दिवसभर इंटरनेट चालतं त्याच्यावर मी ती बंद करत नाही. तिथं प्रो एडिशन असेल तर थेट हायपर-व्हीमध्येच मशीन बनवा, होम असेल तर हायपर-व्ही मॅनेजर मिळत नाही, मग व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो बघा, ते हायपर-व्हीबरोबर नांदतं आणि नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे. वेग थोडा कमी मिळेल, चालतंय.

एवढं करूनही कासव असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजीत टाइप करा: बीसीडीएडिट (सलग), स्पेस, स्लॅश सेट, स्पेस, हायपरव्हायजरलाँचटाइप (हेही सलग), स्पेस, ऑफ. रीस्टार्ट. परत पहिल्यासारखं करायचं असेल तर ऑफच्या जागी ऑटो. कुठं तरी कागदावर लिहून ठेवा की आपण हे केलंय, सहा महिन्यांनी डॉकर का चालत नाही म्हणून डोकं धरून बसाल.

लिनक्सवाल्यांसाठी एका वाक्यात: कर्नल ६.१२ पासून केव्हीएम (लिनक्सचं स्वतःचं हायपर-व्ही म्हणा) सुरुवातीलाच प्रोसेसरची ती सोय ताब्यात घेतं, त्यामुळं व्हीएमएक्स रूट मोडचा एरर आला तर केव्हीएमचं मोड्यूल काढून बघा.

बायोस

टास्क मॅनेजरमध्ये डिसेबल्ड आलं होतं ते लोक इथं या.

आत जायच्या आधी दोन गोष्टी. मशीन पॉवर्ड ऑफ करून त्याचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. पेन ड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जाणार नाही आणि लोकांना वाटतं पेन ड्राइव्ह खराब आहे, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा (आतलं सगळं जाईल, आधी काढून घ्या). दुसरं, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. असेल तर बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज चालू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये दिसते, मोबाइलवर उघडून आधी बघून घ्या. की हाताशी नसेल तर पुढं जाऊ नका.

कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबत राहा, काही कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपला एफ-१० लागतं. इंटेलला इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, एएमडीला एसव्हीएम मोड असं नाव शोधायचं, बहुतेक ॲडव्हान्स्ड आणि सीपीयू कॉन्फिगरेशनच्या आसपास असतं. व्हीटी-डी नावाचं एक वेगळं असतं, ते हे नाही. एनेबल, सेव्ह, कॉम्प्युटर पूर्ण बंद करून दहा सेकंदांनी चालू, परत टास्क मॅनेजर. खूप मदरबोर्डांवर हे बंदच येतं, त्यामुळं पहिल्यांदाच व्हीएम टाकणाऱ्याला हा एरर आला तर त्यात त्याची काहीच चूक नाही. बायोस अपडेट केला तरी सेटिंग मूळपदावर जातात.

परत परत येत असेल तर

आता काकांची गोष्ट. त्यांच्याकडं अजून पेजमेकर ७ (छपाईची पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) चालतं, हसू नका, पंधरा-वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि पावती पुस्तकं त्यात आहेत, श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये. तो मजकूर युनिकोड नाही, नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला की "श्री गणेश प्रसन्न" च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांचा भुसा. म्हणून नव्या डेस्कटॉपच्या पोटात एक्सपी आणि एक्सपीच्या पोटात पेजमेकर.

कासव मी वर सांगितल्याप्रमाणं घालवलं. मग एका सोमवारी फोन, "आता तर उघडतच नाही." गेलो, बायोसमध्ये व्हीटी (तीच व्हर्च्युअलायझेशनची सोय) डिसेबल्ड, एनेबल केलं, चहा घेतला, आलो. पुढच्या सोमवारी परत तेच. तिसऱ्या सोमवारी मी चिडलो आणि कोण बायोसला हात लावतंय म्हणून कामगारांना विचारत बसलो, तेवढ्यात काकांचा मुलगा म्हणाला, "दादा, बँकेची साइट पण उघडत नाही, सर्टिफिकेट चुकीचं म्हणतंय." खाली उजवीकडं बघितलं, तारीख जानेवारी २०१५. मी दोनदा आलो गेलो आणि घड्याळाकडं बघितलं नव्हतं.

डबा उघडला, कागदाच्या भुकटीचा हा थर, आणि मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सीआर-२०३२ सेल, वीज नसताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग जपणारा. मीटर लावला तर ३ च्या जागी २ व्होल्टच्या आसपास. रोज रात्री प्रेस बंद करताना मेन स्विच खाली ओढायची त्यांची पद्धत, त्यामुळं बोर्डाला भिंतीतून येणारी वीज बंद, सगळा भार सेलवर. एका रात्रीपुरता तो कसाबसा तग धरायचा, रविवार आडवा आला की मान टाकायचा, आणि बायोस मूळपदावर. म्हणून सोमवार! वडापावच्या पैशातला सेल टाकला आणि ते दुखणं गेलं.

तुम्हाला बदलायचा असेल तर वायर काढून, पॉवरचं बटण दोन-चार वेळा दाबून, डब्याच्या पत्र्याला हात लावून मग सेल काढा. लिहिलेली बाजू वर. नंतर बायोसमध्ये तारीख आणि व्हीटी दोन्ही परत लावा, आणि बिटलॉकरचं वर सांगितलेलं इथंही लागू आहे.

एक्सपी ठेवणाऱ्यांसाठी थोडं. इन्स्टॉल करताना निळा स्क्रीन आणि शेवटी सात-बी असा कोड आला तर डिस्क साटा कंट्रोलरवर लावलीय, एक्सपीला तो ड्रायव्हर माहीतच नाही, आयडीई कंट्रोलरवर लावा. प्रोसेसर एकच द्या आणि इन्स्टॉल झाल्यावर सेटिंगमधला आय-ओ एपिक हा पर्याय बंद करून बघायचा उद्योग करू नका, विंडोज उठणार नाही. सॉफ्टवेअरचा डोंगल (यूएसबीला लावायची परवान्याची चावी) लागत असेल तर यूएसबी १.१ किंवा २.० निवडा, ३.० चा ड्रायव्हर एक्सपीत नसतो, आणि यूएसबी फिल्टरमध्ये डोंगल जोडून ठेवा म्हणजे दर वेळी हातानं लावावा लागत नाही. नेटवर्क केबल सेटिंगमधूनच काढा. ८ एप्रिल २०१४ नंतर त्याला नेहमीचे अपडेट नाहीत, त्याला इंटरनेटवर सोडायचं काही कारण नाही, फायली शेअर्ड फोल्डरमधून फिरवा.

इथं थांबा

ऑफिसचा किंवा कॉलेजचा कॉम्प्युटर असेल आणि बायोसला पासवर्ड असेल किंवा मेमरी इंटिग्रिटीचं बटण करडं असून "तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात" असं लिहून येत असेल, तर तिथल्या आयटीवाल्याकडं जा. पासवर्ड उडवायला सेल काढणारे महाभाग मला माहीत आहेत, पुढं त्यांनाच लेखी उत्तर द्यावं लागलं.

बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा पर्यायच नाही, तर प्रोसेसरचा मॉडेल नंबर कंपनीच्या साइटवर तपासा. जुन्या कोअर टू ड्युओमधल्या काही मॉडेलांना ही सोय नाहीच, तिथं कुणालाही पैसे देऊन उपयोग नाही. प्रोसेसरला आहे पण बायोसमध्ये दिसत नाही तर बायोस अपडेट लागेल, आणि यूपीएस नसेल आणि पहिलीच वेळ असेल तर तो दुकानात करून घ्या. अपडेट होताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा गप्प होऊ शकतो, आणि आपल्याकडं लाइट कधी जाईल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

नवीन सेल पंधरा दिवसांत उतरला तर बोर्डावर कुठं तरी वीज गळतेय, ते चिप-लेव्हल काम करणाऱ्याचं. व्हीएम चालू केल्यावर बाहेरचं विंडोजच निळा स्क्रीन दाखवत असेल, दर वेळी वेगळ्या नावाचा, तर रॅमची शंका, दुसरी रॅम लावून बघायची सोय घरी नसते.

आणि हार्ड डिस्क कट-कट वाजतेय, कॉपी करताना एकाच टक्क्यावर अडकतेय, असं झालं तर मशीन परत परत चालू करून बघू नका. तुमची अख्खी व्हर्च्युअल डिस्क म्हणजे बाहेरून एकच अवाढव्य फाइल असते, तिच्यातला चुकीच्या जागचा एक तुकडा गेला तरी आतलं काहीच उघडणार नाही असं होऊ शकतं. कॉम्प्युटर बंद करा, डिस्क काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्या, जाताना त्याला सांगा की आतली व्हीडीआय फाइल (हीच ती व्हर्च्युअल डिस्क) महत्त्वाची आहे, ती किती जीबीची आहे आणि कुठल्या फोल्डरमध्ये आहे.